लॅब उभारायला पैसे नाहीत, मग सरकारी आणि युनिव्हर्सिटीच्या लॅब वापरायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घणसोलीत तिघांचा स्टार्टअप, टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यातलं लोह आणि हार्डनेस (क्षारांमुळे येणारा जडपणा) कमी करणारी कार्ट्रिज बनवतायत, घोडबंदर रोडच्या एक-दोन सोसायट्यांत ट्रायलला लावलीय. स्वतःची लॅब उभारायची ऐपत नाही. तर आयआयटी, युनिव्हर्सिटी, सरकारी रिसर्च लॅब आमच्यासारख्यांना दारात उभं करतील का, सुरुवात कुठून करायची, आणि आमची आयडिया तिथेच कोणी उचलली तर काय?

मी रबाळे-महापे पट्ट्यात बरीच वर्षं मटेरियलच्या कामात आहे, कोटिंग, सील, फिल्टर मीडिया असलं सगळं, आणि ह्यातल्या बऱ्याच लॅबच्या सॅम्पल काउंटरवर उभा राहिलोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तर दारात उभं करतात, अगदी व्यवस्थित करतात, त्यासाठी ओळख लागत नाही. केंद्राचं आय-स्टेम नावाचं पोर्टल जानेवारी २०२० मध्ये सुरू झालं, सरकारी पैशातून घेतलेली मशिनं कुठल्या संस्थेत पडून आहेत ते त्यावर दिसतं, रेट दिसतो, स्लॉट मागता येतो. पवईच्या आयआयटीत सैफ आहे, म्हणजे मोठ्या मशिनांवर टेस्ट करून देणारं सेंटर, जुनी माणसं त्याला अजून आरएसआयसी म्हणतात, तिथे बाहेरच्या कंपन्यांची सॅम्पलं घेणं हे रोजचं काम आहे, कोणी उपकार करत नाही. मशीन सापडणं हा भाग सोपाच आहे. अडचण पुढे येते, कारण माणसं लॅबकडे जातात तेव्हा आपल्याला नक्की काय हवंय तेच ठरलेलं नसतं.

मी ह्याचे चार भाग करतो. एक, नुसतं रीडिंग हवंय, म्हणजे माझ्या मालात काय आहे, किती आहे. दोन, कागद हवाय, जो ग्राहकाला किंवा सरकारला दाखवायचाय. तीन, कोणाचं तरी डोकं हवंय, म्हणजे हे असं का होतंय ते सांगणारा माणूस. चार, लॅबनं आधीच काढलेली टेक्नॉलॉजी हवीय. ह्या चारही कामांना माणसं वेगळी, फी वेगळी, कागद वेगळे, लागणारा वेळ वेगळा. स्टार्टअपवाले जातात पहिल्या कामासाठी, बोलतात तिसऱ्याचं, आणि शेवटी हातात दुसऱ्याची अपेक्षा असते. मग सहा महिन्यांनी म्हणतात सरकारी लॅब बेकार.

रीडिंग आणि कागद हा फरक तुमच्या धंद्यात सगळ्यात महाग पडणारा आहे म्हणून आधी तो. आयआयटीचा आयसीपी-एमएसचा (पाण्यातले धातू अगदी बारीक प्रमाणात मोजणारं मशीन) रिपोर्ट हा आकड्यांच्या दृष्टीनं एक नंबर असेल, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये खजिनदार विचारणार, "हा एनएबीएलचा आहे का?", आणि संस्थांच्या बहुतेक रिसर्च रिपोर्टवर खाली लिहिलेलंच असतं की हा फक्त संशोधनासाठी, कायदेशीर किंवा जाहिरातीच्या कामाला वापरू नये. एनएबीएल म्हणजे लॅबना मान्यता देणारं बोर्ड, ते आयएसओ/आयईसी १७०२५ ह्या स्टँडर्डप्रमाणे तपासतं, आणि ती मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही, टेस्टनिहाय मिळते. एकाच लॅबला पाण्यातल्या हार्डनेसची मान्यता असेल आणि आर्सेनिकची नसेल. एनएबीएलच्या साईटवर प्रत्येक लॅबचा स्कोप टाकलेला असतो, तो उघडून आपली टेस्ट, आपली मेथड त्यात आहे का ते बघायचं, मगच सॅम्पल टाकायचं. फोनवर "हो हो एनएबीएल आहे" ह्यावर विश्वास ठेवू नका.

आणि उलट बाजूही आहे. डेव्हलपमेंट चालू असताना दर फॉर्म्युलेशनला एनएबीएलचा रिपोर्ट काढणं म्हणजे पैसे नाल्यात. त्या टप्प्यावर तुम्हाला फक्त कालच्यापेक्षा आज बरं की वाईट एवढंच कळायला हवं.

त्यासाठी तर कुठल्याच लॅबला जायची गरज नाही. हार्डनेस तुमच्या गाळ्यातल्या टेबलावर होतो. ब्युरेट, ईडीटीए, अमोनिया बफरनं पीएच १० ला आणायचं, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा इंडिकेटर, लालसर जांभळ्याचं निळं झालं की थांबायचं, बीएस्सी केमिस्ट्रीचा कोणीही पोरगा-पोरगी दिवसाला पन्नास टायट्रेशन आरामात मारेल. लोहाला रंग आणणारं फेनँथ्रोलिन आणि एक साधा कलरिमीटर. तुमची कार्ट्रिज किती लिटरनंतर दम सोडते, तो ब्रेकथ्रूचा ग्राफ तुमचा तुम्हीच काढा, आणि दर दहावं-पंधरावं सॅम्पल बाहेर पाठवून आपले आकडे पडताळा. लॅबचा पैसा ह्या पडताळणीवर आणि जे टेबलावर होऊच शकत नाही त्यावर खर्च करा. तुलनेला धरून चाला की आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा टोटल हार्डनेस २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावा आणि दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. हे स्टँडर्ड बीआयएसच्या पोर्टलवरून फुकट उतरवता येतं, विकत घ्यायला जाऊ नका.

सॅम्पल घेणं. ह्यावर कोणी बोलत नाही आणि निम्मे घोळ इथे होतात. बोअरचं पाणी बाहेर काढलं तेव्हा लोह विरघळलेलं असतं, पाणी स्वच्छ दिसतं, मग हवा लागली की ते ऑक्सिडाईज होऊन तांबूस गाळ होतो, तो बाटलीच्या तळाला आणि भिंतीला चिकटतो. तुम्ही बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून दोन दिवसांनी लॅबला दिलं, त्यांनी वरचं पाणी घेतलं, लोह कमी आलं, तुम्ही खुश की कार्ट्रिज जबरदस्त चालतेय. धातूंसाठीचं सॅम्पल जागेवरच नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली नेऊन ठेवायचं असतं, आणि विरघळलेलं लोह वेगळं हवं असेल तर ॲसिडच्या आधी ०.४५ मायक्रॉनमधून गाळून. बॅक्टेरियाचं सॅम्पल पूर्ण वेगळं, निर्जंतुक बाटली, त्यात क्लोरीन मारायला आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं, बर्फाच्या डब्यातून, लवकरात लवकर लॅबमध्ये. बाटल्या बऱ्याचदा लॅबच देते, मागा.

आता डोकं हवंय ह्याचं एक उदाहरण सांगतो, कारण ह्यात माझं सगळं म्हणणं येतं. रबाळ्यात एक टीम होती, सोसायट्यांच्या एसटीपीला (सांडपाण्याच्या प्लँटला) आणि स्विमिंग पूलला लागतो तो हायपोक्लोराइटचा (क्लोरीनच्या द्रावणाचा) छोटा डोसिंग पंप बनवायचे. पंप महिना-दीड महिन्यात गळायला लागायचा. सील ईपीडीएम रबराचं, हायपोला चालणारं, कागदावर सगळं बरोबर. त्यांनी धरून चाललं की क्लोरीननं रबर खाल्लं, आणि एका कॉलेजातून एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो) आणि एफटीआयआर (इन्फ्रारेडनं मटेरियल ओळखायची टेस्ट) करून आणलं. फोटो देखणे आले, पाच हजारपट मोठं केलेलं रबर, भेग कुठेच नाही. एफटीआयआरच्या ग्राफवर शिखरं होती, त्यांचा अर्थ सांगायला कोणी नव्हतं, कारण त्यांनी पैसे ग्राफचे भरले होते, अर्थाचे नव्हे. ह्यात दोन-तीन महिने गेले. मग कोणीतरी त्यांना रबराचं टेस्टिंग करणाऱ्या लॅबमध्ये पाठवलं. तिथल्या टेक्निकल माणसानं जुनं सील चिमटीत धरून दाबलं, नव्याच्या शेजारी ठेवलं, व्हर्नियर लावला, शोअर ए हार्डनेस, म्हणजे रबराचा कडकपणा, घेतला आणि विचारलं, "असेंबली करताना ग्रीस कुठलं लावता?"

लावत होते पेट्रोलियम जेली. शाफ्ट सहज बसावा म्हणून असेंबलीच्या पोराची सवय. ईपीडीएम पाण्याला उत्तम, वाफेला उत्तम, हायपोला चांगलं, पण पेट्रोलियमच्या तेलकट पदार्थात ते फुगतं आणि मऊ पडतं. सील व्यासानं वाढलं होतं, खाचेत घासून फाटत होतं. सिलिकॉन ग्रीस आणलं, गळती बंद. टेस्टचा खर्च आधीच्या एसईएमच्या मानानं किरकोळ.

म्हणून माझं सांगणं आहे की मशीनच्या नावानं लॅब शोधू नका, तुमच्या मटेरियलवर किंवा तुमच्या बिघाडावर आयुष्य घालवलेली माणसं कुठे बसतात ते शोधा. आणि ह्या बाबतीत आपण ठाणे-नवी मुंबईवाले नशीबवान आहोत, बऱ्याच जणांना हे माहीतच नाही. वागळे इस्टेटमध्ये आयआरएमआरए आहे, रबरावरची संशोधन संस्था, केंद्राच्या वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाखाली. लोक तीन हात नाक्यावरून रोज जातात-येतात आणि ओ-रिंग टेस्ट करायला चेन्नईला कुरियर करतात! कोलशेत रोडला वूल रिसर्च असोसिएशन आहे, नाव लोकरीचं पण टेक्निकल टेक्स्टाईलमध्ये काम आहे, खेळाच्या कापडाचं तर सेंटर ऑफ एक्सलन्स तिथेच आहे. तुमच्या कार्ट्रिजवर नॉनवोव्हन कापडाचा थर असेल तर घाटकोपरची बीटीआरए, कापडावरची संशोधन संस्था. माटुंग्याला आयसीटी, १९३३ साली युडीसीटी म्हणून सुरू झालेली, केमिकल इंजिनियरिंगमध्ये त्यांच्या तोडीचं फार कमी आहे, आणि त्याच भागात कापसावरची सिरकॉट, जिथे नॅनोसेल्युलोजचा पायलट प्लँट आहे. चुनाभट्टीला आयडेमी, मोजमापाची उपकरणं आणि कॅलिब्रेशन. साकीनाक्याला एमएसएमईचं टेस्टिंग सेंटर. इलेक्ट्रॉनिक्स असेल तर अंधेरीला ईआरटीएल वेस्ट आणि खारघरला सॅमीर, इलेक्ट्रिकलला रबाळ्यातच एर्डा. पॅकिंग फुटतंय तर अंधेरीची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग. तुर्भे-वाशी भागातून जाताना ब्रिटची पाटी दिसते, किरणोत्सर्गानं निर्जंतुक करणं हा त्यांचा विषय. पाणी म्हटलं तर नीरी, मुख्य नागपूरला पण वरळीला त्यांचं केंद्र आहे. ह्यातल्या काही पूर्ण सरकारी आहेत, काही उद्योगांनी मिळून उभ्या केलेल्या आणि सरकारचा हात असलेल्या, आपल्याला त्यानं फारसा फरक पडत नाही.

ह्या असोसिएशन टाईप लॅबना लोक जरा कमी लेखतात, आयआयटीचं नाव इन्व्हेस्टरला सांगायला बरं वाटतं ना. पण तिथल्या माणसानं तुमच्यासारखाच बिघाड शंभर कारखान्यांचा बघितलेला असतो, आयआयटीच्या प्रोफेसरनं कदाचित एकही नाही, त्याचा तो प्रश्नच नसतो.

ईमेल कसा लिहायचा. "आदरणीय सर, आम्ही एक इनोव्हेटिव्ह स्टार्टअप असून आपल्या प्रतिष्ठित संस्थेशी कोलॅबोरेशन करू इच्छितो" असा मेल त्यांना आठवड्याला ढिगानं येतो आणि त्याला उत्तर देण्यासारखं त्यात काही नसतं. तुम्ही असं लिहा: "आमच्याकडे लोखंडाच्या हायड्रॉक्साईडचा थर दिलेले वाळूसारखे दाणे आहेत, अर्धा ते एक मिलिमीटर, पाण्यात विरघळत नाहीत, विषारी किंवा ज्वलनशील नाहीत, एमएसडीएस (सेफ्टी शीट) जोडली आहे. चार सॅम्पल, प्रत्येकी पाच ग्रॅम. बीईटी सरफेस एरिया आणि पोअर साईझ हवाय. डीगॅसिंग कमी तापमानाला जास्त वेळ करता येईल का? रेट, जीएसटी आणि अंदाजे किती दिवस ते कळवावं." ह्याला उत्तर येतं. बीईटी म्हणजे दाण्यांचा आतबाहेरचा एकूण पृष्ठभाग मोजणारी टेस्ट, आणि डीगॅसिंग म्हणजे त्याआधी माल तापवून त्यातली हवा-ओल काढणं. डीगॅसिंगचं मी मुद्दाम घातलंय, कारण असे हायड्रॉक्साईड जास्त तापवले की पाणी सोडून हेमटाईटच्या (वेगळ्या लोह-ऑक्साईडच्या) दिशेनं जायला लागतात, मग आलेला आकडा तुमच्या मालाचा नसून तापवलेल्या मालाचा असतो. ऑपरेटर सगळ्यांना एकच डिफॉल्ट सेटिंग लावतो, त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळायचं कसं.

सॅम्पल पाठवताना नव्या मालाबरोबर वापरून संपलेला माल, बाजारातला कॉम्पिटिटरचा माल, आणि ह्यातलीच एक पुडी वेगळ्या नंबरनं परत एकदा, असं पाठवा. परत पाठवलेल्या पुडीचे दोन आकडे जुळले तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. नाही जुळले तर भांडायला जाऊ नका, शांतपणे दोन्ही नंबर दाखवून रिपीट मागा, बहुतेक ठिकाणी करून देतात. आणि रिपोर्टच्या पीडीएफबरोबर रॉ डेटा फाईल मागायचीच, नंतर कोणी जाणकार भेटला तर त्याला पीडीएफमधल्या चित्रातून काही काढता येत नाही.

ऑपरेटर हा ह्या सगळ्यातला सर्वात दुर्लक्षित माणूस. प्रोफेसर सही करतो, मशीन त्याच्या हाताखाली चालतं. परवानगी असेल तर टेस्टच्या वेळी शेजारी बसा. तो बोलता बोलता सांगतो की "हे सॅम्पल व्हॅक्यूममध्ये गॅस सोडतंय", "हे चार्ज होतंय, सोन्याचा कोट द्यावा लागला", ह्या गोष्टी रिपोर्टमध्ये कधी येत नाहीत आणि कधी कधी रिपोर्टपेक्षा जास्त कामाच्या असतात.

पैशाचं बोलायचं तर प्रत्येक संस्थेचं रेटकार्ड असतं आणि त्यात स्वतःचे विद्यार्थी, बाहेरचे कॉलेजवाले, सरकारी लॅब, उद्योग असे थर असतात, उद्योगाचा रेट कॉलेजच्या कित्येक पट असू शकतो. काही ठिकाणी स्टार्टअपसाठी मधला थर असतो, त्यासाठी केंद्राच्या डीपीआयआयटी खात्याचं स्टार्टअप रेकग्निशन सर्टिफिकेट मागतात, ते काढलं नसेल तर आजच अर्ज टाका, फुकट आहे. वर १८ टक्के जीएसटी. पैसे बहुधा आधी भरायचे. आता एक जुगाड सगळेच सुचवतात, की ओळखीच्या एमटेकच्या पोराकडून त्याच्या नावावर विद्यार्थ्याच्या रेटमध्ये करून घ्या. करू नका. पकडला गेला तर त्या पोराचं नुकसान होतं, रिपोर्ट तुमच्या नावाचा नसल्यामुळे तुम्हाला कुठे दाखवता येत नाही, आणि उद्या पेटंटचा वाद झाला तर सॅम्पल संस्थेच्या विद्यार्थ्याचं होतं असं कागदावर आहे.

वेळेचं गणित कॉलेजच्या कॅलेंडरवर चालतं. डिसेंबर आणि मे महिन्यात थिसिसवाल्यांची झुंबड, मार्चमध्ये ऑफिस बिलं संपवण्यात गुंग, गणपती-दिवाळीला तर आपणही जागेवर नसतो. मशीन बंद पडलं आणि एएमसी (देखभालीचा करार) संपलेली असली की ते महिनोन् महिने बंदच. त्यामुळे महत्त्वाच्या टेस्टला दुसरी लॅब आधीच शोधून ठेवा. पुण्याचा पर्याय लोक विसरतात. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारालगत व्हेंचर सेंटर आहे, २००७ पासून, स्टार्टअपसाठीच उभं केलेलं, तिथली उपकरणं पैसे भरून वापरता येतात, आणि तिथल्या लोकांना स्टार्टअपची घाई कळते. ठाण्याहून सकाळची इंद्रायणी पकडली की दुपारी सॅम्पल देऊन रात्री घरी.

प्रोफेसरबरोबर काम करायचं असेल तर सुरुवात छोट्या कन्सल्टन्सीनं करा, एकदम स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट नको. आयआयटी मुंबईत हे आयआरसीसी ह्या कन्सल्टन्सी बघणाऱ्या ऑफिसमार्फत होतं, बाकी संस्थांतही तसं एक ऑफिस असतं, आणि रकमेवर संस्था स्वतःचा ओव्हरहेड लावते तो धरून बजेट करा. एकच प्रश्न, लेखी, "आमचा थर बोअरच्या पाण्यात तीन महिन्यांत का सुटतो" असा. उत्तर समाधानकारक आलं, माणसाशी जमलं, मग मोठं काम. एमटेकचा विद्यार्थी प्रोजेक्टला मिळाला तर उत्तम, पण त्याचा विषय जुलैच्या आसपास ठरतो, तुम्ही नोव्हेंबरमध्ये जाऊन विचारलंत तर हुशार पोरं आधीच वाटली गेलेली असतात. आणि एक फायदा कोणी मोजत नाही. २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, सरकारी संस्थांमध्ये हजारो जर्नल उघडी आहेत, तुमच्यासारख्या कंपनीला ती थेट मिळत नाहीत. तुमच्या विषयावर आधी काय काय होऊन गेलंय हे त्या विद्यार्थ्याला दोन दिवसांत काढता येतं, तेवढ्यानं तुमचं वर्ष वाचू शकतं.

आता आयडिया चोरतील का. खरं सांगायचं तर सॅम्पल टेस्ट करणाऱ्याला तुमच्या आयडियात काडीचा रस नसतो, त्याच्या टेबलावर अजून चाळीस पुड्या असतात. पुडीवर कोड नंबर लिहा, फॉर्म्युला लिहू नका, धोका काय तेवढं मात्र खरं लिहा. जास्त लपवण्यानंही नुकसान होतं, क्लोराईड आहे हे लपवलंत तर त्यांचं आर्सेनिकचं रीडिंग आयसीपी-एमएसमध्ये चुकीचं वाढून येईल.

खरा धोका चोरीपेक्षा वेगळा आहे आणि तो तुम्ही स्वतः सही करून घेता. प्रोफेसरबरोबर मिळून काही नवं निघालं आणि पेटंट दोघांच्या नावानं फाईल झालं, ऐकायला छान वाटतं. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ५० वाचा: वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालकाला स्वतःपुरतं पेटंट वापरता येतं, पण दुसऱ्या कोणाला लायसन्स द्यायचं किंवा आपला हिस्सा विकायचा तर बाकीच्यांची संमती लागते. म्हणजे उद्या कोणी मोठी कंपनी तुम्हाला विकत घ्यायला आली तर तुमची सही पुरत नाही, संस्थेची फाईल हलावी लागते. इन्व्हेस्टरचा वकील ह्यावर पहिलं बोट ठेवतो. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. आधीचं जे तुमचं आहे त्याची यादी कराराला जोडा. नवं निघालं तर मालकी कोणाची, संस्थेची असेल तर तुमच्या क्षेत्रापुरतं एक्स्क्लुझिव्ह लायसन्स मिळणार का, किती वर्षं, रॉयल्टी किती, हे सगळं आकड्यात लिहून घ्या.

आणि दुसरा धोका पेपर छापण्याचा. विद्यार्थ्याला डिग्रीसाठी पब्लिश करावंच लागतं, त्यात त्याचा दोष नाही, पण फाईल करण्याआधी पेपर किंवा कॉन्फरन्सचं पोस्टर बाहेर पडलं तर पेटंट गेल्यातच जमा, कायद्यातली सवलत फार अरुंद आहे. तेव्हा मसुदा आधी तुम्हाला दाखवायचा आणि दोन-तीन महिने थांबायचं अशी ओळ करारात टाका. त्याहून सोपं म्हणजे लॅबमध्ये पाऊल टाकायच्या आधीच प्रोव्हिजनल (पेटंटचा तात्पुरता अर्ज) फाईल करा, स्टार्टअपला ऑनलाईन सरकारी फी १६०० रुपये आहे, मग कम्प्लीट स्पेसिफिकेशनला (पूर्ण तपशिलाला) १२ महिने मिळतात. वकिलाची फी वेगळी, ती जास्त असते, पण तुमच्या प्रकरणात ह्यावर कंजूषी नको.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात की तिकडे युनिव्हर्सिटी सरळ लायसन्स देते तसं आपल्याकडे का नाही. तिकडे १९८० चा बे-डोल कायदा आहे, सरकारी पैशातून निघालेल्या शोधाची मालकी युनिव्हर्सिटीला घेता येते, आणि १९८६ पासून त्यांच्या सरकारी लॅबना कंपन्यांशी थेट संशोधनाचे करार करता येतात. आपल्याकडे तसं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, २०१४ मध्ये मागे घेतलं. त्यामुळे इथे प्रत्येक संस्थेची स्वतःची आयपी पॉलिसी (पेटंट-मालकीचे नियम), ती त्यांच्या साईटवर असते, वीस-तीस पानं असतात, भेटीला जाण्याआधी वाचून जा. समोरच्या माणसानंही ती वाचलेली नसते असं अनेकदा होतं, मग तुमचं पारडं जड राहतं.

लॅबची तयार टेक्नॉलॉजी घेणं हा चौथा भाग तुम्हाला आत्ता लागेल असं वाटत नाही, तरी पाण्यात आहात म्हणून सांगतो. बीएआरसीनं मेंब्रेनवर आणि पाणी शुद्ध करण्यावर बरंच काम केलंय आणि ते लायसन्सनं देतात, निसर्गऋणचा बायोगॅस प्लँट तुम्ही ऐकला असेल तो त्यांचाच. फी अवाक्यातली असते. पण ही लायसन्सं सहसा नॉन-एक्स्क्लुझिव्ह असतात, म्हणजे तुमच्या शेजारच्या गाळ्यालाही तीच मिळू शकते, आणि हातात येतं ते कागद आणि ट्रेनिंग. मोल्ड, सप्लायर, रोज हजार नग सारखे निघणं हे तुमचं तुम्हाला करायचं. त्यात दोन वर्षं आरामात जातात.

ग्रँट ह्या कामाला वापरता येतात. निधी-प्रयासमधून प्रोटोटाईपला १० लाखांपर्यंत, स्टार्टअप इंडिया सीड फंडातून प्रूफ ऑफ कन्सेप्टला २० लाखांपर्यंत (अर्ज अजून घेतात का ते आधी बघा), दोन्ही इन्क्युबेटरमार्फत, बायोटेककडे झुकणारं असेल तर केंद्राच्या बायरॅकची बिग नावाची ग्रँट ५० लाखांपर्यंत. अर्जात टेस्टिंगची वेगळी ओळ टाका आणि लॅबचं कोटेशन जोडा, परीक्षकांना ते आवडतं. इन्क्युबेटरमध्ये बसलात तर होस्ट संस्थेची मशिनं मिळणं सोपं होतं, बदल्यात थोडी इक्विटी जाते, ती किती आणि कशासाठी ते नीट विचारा.

तुमच्या जागी मी असतो तर ह्या महिन्यात टायट्रेशनचं टेबल लावलं असतं, प्रोव्हिजनल फाईल केलं असतं, आणि ट्रायलवाल्या एका सोसायटीचं आतलं-बाहेरचं पाणी नीट ॲसिड घालून एका एनएबीएल लॅबला दिलं असतं. त्याच पाण्याचा दुसरा भाग आयसीपीला, पडताळणी म्हणून. दाण्यांचं बीईटी त्याच्यानंतर, आकडे बघून गरज वाटली तर. आणि कार्ट्रिजच्या गॅस्केटचं रबर कुठलं आहे, त्याला ग्रीस कुठलं लावताय ते सप्लायरच्या तोंडी शब्दावर न ठेवता वागळेला जाऊन तपासून घ्या.

अजून एक, फॉर्म भरताना कंपनीचं नाव इनकॉर्पोरेशनच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच, स्पेलिंगसकट, जीएसटी नंबरसकट टाका. घाईत पार्टनरच्या नावानं सॅम्पल टाकलं की रिपोर्ट त्याच्या नावानं निघतो, टेंडरला चालत नाही, आणि नाव बदलून मागितलं तर बहुतेक लॅब सांगतात की सॅम्पल नव्यानं टाका, फी नव्यानं भरा.